घरटे आणि कुंड

वसंत उतरणीला लागतो, बहावा पिवळाधमक फुलतो आणि गावातील जाणती माणसे झाडांकडे पाहू लागतात. कावळ्याने घरटे कोणत्या झाडावर, कोणत्या दिशेला बांधले? टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली की नदीच्या पात्रात? त्यावरून मृगाचा अदमास बांधला जातो. शहरी सुशिक्षितांना यात निव्वळ अंधश्रद्धा दिसते, तर आपल्यापैकी काहींना परिपूर्ण विज्ञान! पडताळण्याचे कष्ट मात्र दोघेही घेत नाहीत.

सहाव्या शतकातील वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त वैशाखातील कावळ्याच्या घरट्याचे शकुन नोंदविले, पण त्याच ग्रंथात पडलेला पाऊस मोजण्यासाठी हातभर रुंदीचे कुंडही सांगितले. आपण शकुन जपला, कुंड विसरलो.

बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणी ऐकायला अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे शेतकरी गर्दी करतात. अंदाज कोणाचाही चुको, दुबार पेरणीचा खर्च त्यांच्याच माथी बसतो. म्हणून गावोगावच्या शिक्षकांनी दर वैशाखात घरटी आणि टिटवीची अंडी मुलांकडून वहीत टिपून घ्यावीत, पुढे पर्जन्यमापकाचे आकडे मांडावेत. अशा दहा-बारा वर्षांच्या वह्या साठल्या, की टिटवीला काय कळते, ते बोलू.