ससा गाजरावर नव्हे, गवतावर जगतो



शाळेला सुट्टी लागली की मुलांचे हट्ट सुरू होतात. आठवडी बाजारात पिंजऱ्यात पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची सशाची पिल्ले मांडलेली असतात. पगार झालेला असतो, पोरगी हात सोडत नाही, आणि जोडी घरी येते. चार दिवस सगळी वस्ती बघायला लोटते. जो तो काहीतरी भरवतो. कोणी बिस्किट, कोणी पाव, कोणी गाजर. आठवडाभरात पिल्लाला हगवण लागते आणि ते दगावते. मग कोणी म्हणते, नजर लागली. आम्ही स्पष्ट सांगतो, नजर वगैरे काही लागत नाही. अशी पिल्ले बहुतेक वेळा पोटाने जातात, आणि त्यामागे आपणच मायेने दिलेला घास असतो. पैसे जातात ते जातातच, पण एका मुक्या जिवाचे हाल होतात आणि मुलांच्या मनाला लागते. म्हणून या वेळी सशाच्या खाण्यापिण्याविषयी, त्याच्या वयाप्रमाणे, लिहीत आहोत.

आधी पोट समजून घ्या

ससा हा गवत खाणारा प्राणी. त्याला उलटी करता येत नाही. जे पोटात गेले ते पुढेच सरकले पाहिजे. त्याच्या पोटात एक मोठी पिशवी असते, तिला आंधळे आतडे म्हणतात. त्यात कोट्यवधी उपयोगी जंतू असतात आणि ते गवताचा चोथा आंबवून त्यातून सत्त्व काढतात. हे सत्त्व मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंडीतून बाहेर येते आणि ससा ती पुन्हा खातो. काही जण ते पाहून सशाला घाणेरडा म्हणतात, मारतातही. तसे करू नका. ते त्याचे अन्नच आहे.

पाव, बिस्किट, भात, भाकरी, साखर यांनी आतले जंतू बिघडतात, पोट फुगते आणि आतडे थांबते. गाजरही गोडच. चित्रातला ससा गाजर खातो म्हणून आपल्या सशाला रोज गाजर द्यायचे नसते. पातळ चकती कधीतरी दिली तर चालते.

दुसरी गोष्ट दातांची. सशाचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात. गवत चावून चावूनच ते झिजतात. गवत मिळाले नाही तर दात वाढून गालात, जिभेत रुततात आणि भूक असूनही ससा खाऊ शकत नाही.

जन्मापासून तीन आठवडे

मादी ३० ते ३२ दिवसांत विते. विण्याआधी ती स्वतःच्या अंगावरचे केस उपटून घरटे करते. पिल्ले उघडी, आंधळी असतात. साधारण दहाव्या दिवशी डोळे उघडतात. आई दिवसभर पिल्लांजवळ बसत नाही. चोवीस तासांत एकदा, फार तर दोनदा, तीन-चार मिनिटे दूध पाजून ती बाजूला होते. हे ठाऊक नसल्याने घरची माणसे समजतात की आईने पिल्ले टाकली, आणि बाटलीने गाईचे दूध पाजायला बसतात. त्याने पिल्ले मरतात. पिल्लांची पोटे सकाळी गोल दिसली तर आई पाजते आहे असे समजा. पोट खपाटीला गेले, कातडी सुरकुतली, तरच पशुवैद्यकाकडे जा. या दिवसांत आईला भरपूर गवत, लसूणघास आणि सतत पाणी द्या. वितानाच नराला वेगळे ठेवा, कारण विल्याच्या दिवशीच मादी पुन्हा गाभण राहू शकते.

तीन ते आठ आठवडे

तिसऱ्या आठवड्यापासून पिल्ले गवत कुरतडू लागतात. पण दूध चालूच असते, आणि ते चालूच राहिले पाहिजे. मोठ्या सशाच्या जठरात तीव्र आम्ल असते, त्यात वाईट जंतू मरतात. पिल्लाच्या जठरात ते अजून तयार झालेले नसते. आईचे दूधच त्याचे रक्षण करते. म्हणून आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. बाजारात मात्र तीन-चार आठवड्यांची, मुठीत मावणारी पिल्ले विकायला येतात. जितके लहान तितके गोंडस, म्हणून तीच आधी खपतात, आणि तीच आधी मरतात. आमचे सांगणे एवढेच की, असले पिल्लू घेऊ नका.

घेतलेच तर विकणाऱ्याला विचारा की हे काय खात होते. तेच आठवडाभर द्या आणि मग हळूहळू बदला. या वयात वाळलेले गवत, लसूणघास आणि पाणी एवढेच पुरे. पालेभाजीची घाई नको.

दोन ते सात महिने

हे वाढीचे वय. हाडे, स्नायू भरतात. लसूणघासात प्रथिने आणि चुना भरपूर असतो, म्हणून या वयात तो रोज चालतो. सोबत साधे गवत पोटभर हवेच. सशासाठी मिळणारे गोळीखाद्य परवडत असेल तर द्या. गुरांची पेंड मात्र नको, ती सशाला सोसत नाही.

तीन महिने झाले की पालेभाजी सुरू करा. एका वेळी एकच नवी भाजी, दोन-तीन पाने. दोन दिवस लेंडी पाहा. घट्ट, गोल, कोरडी असेल तर पुढे जा. पातळ झाली तर ती भाजी बंद करा.

याच वयात नर-मादी वेगळे करा. साडेतीन-चार महिन्यांत जोडी विण्याजोगी होते, आणि एका वेळी चार ते आठ पिल्ले होतात. एका खोलीच्या घरात सहा महिन्यांत वीस ससे कोठे ठेवणार? शक्य असेल तर पशुवैद्यकाकडून नराचे खच्चीकरण करून घ्या.

मोठा झालेला ससा

सात महिन्यांनंतर हिशेब बदलतो. आता दहा घासांतले आठ घास साध्या गवताचे हवेत. हरळी, मारवेल यांसारखे गवत उत्तम. लसूणघास कमी करा. मोठ्या सशाला जास्तीचा चुना नको असतो. तो लघवीवाटे बाहेर पडतो, लघवी पांढरी व दाट होते आणि पुढे खडा धरतो. गोळीखाद्य एक किलो वजनामागे दिवसाला २५ ग्रॅमहून जास्त नको. मूठभर पाला चालतो. कोथिंबीर, पुदिना, मेथी, मुळ्याचा व गाजराचा पाला, फुलकोबीची बाहेरची पाने. भाजीवाली जो पाला फेकून देते तोच सशाचे जेवण. पालक रोज नको. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट कधीच नको.

गवत विकतच घ्यावे असे नाही. मोकळ्या जागेवर कापता येते, शहरात गाईच्या चाऱ्याच्या पेंड्या मिळतात. मात्र गटाराकाठचे, औषध फवारलेले, कुत्र्यांनी घाण केलेले गवत आणू नका. कण्हेर, रुई, घाणेरी विषारी आहेत. गाजर गवताच्या नावात गाजर आणि गवत दोन्ही असले तरी ते सशाला घालू नका. कोवळ्या ज्वारीने गुरांना विषबाधा होते हे गावाकडच्या माणसाला ठाऊकच आहे, सशालाही ती देऊ नका. ओले गवत ढिगात ठेवले तर तापते आणि बुरशी धरते, म्हणून सावलीत पसरून ठेवा.

आईबाप दोघेही कामावर जाणाऱ्या घराला एक सोय आहे. ससा पहाटे आणि संध्याकाळी जास्त खातो, दुपारी झोपतो. ड्यूटीवर जाण्यापूर्वी एकदा आणि आल्यावर एकदा ताजे गवत टाकले की झाले. गवताची चूड आणि पाणी मात्र दिवसभर समोर हवे. किलोमागे ५० ते १५० मिलिलिटर पाणी तो रोज पितो, उन्हाळ्यात अधिक. सांडणार नाही अशी जड मातीची परळ ठेवा.

म्हातारा ससा

नीट सांभाळलेला ससा ८ ते १२ वर्षे जगतो. आज दहा वर्षांच्या मुलीसाठी आणलेला ससा ती कॉलेजात जाईपर्यंत घरात असणार, हे घेतानाच लक्षात ठेवा. पाच-सहा वर्षांनंतर सांधे दुखतात, दात बिघडतात. महिन्यातून एकदा वाण्याच्या काट्यावर वजन करा. वजन उतरत असेल तर लसूणघास पुन्हा थोडा वाढवा, गवत बारीक कापून द्या आणि दात दाखवा. पाण्याचे भांडे जवळ ठेवा. म्हाताऱ्या सशाला मागची बाजू साफ ठेवता येत नाही. पावसाळ्यात तेथे माश्या बसून अळ्या पडतात आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. रोज उलटून पाहा, ओल्या फडक्याने पुसा, कोरडे करा.

जागा आणि ऊन

तारेच्या जाळीवर बसून सशाच्या पायांना जखमा होतात, म्हणून खाली गोणपाट किंवा भाताचा पेंढा घाला. कानाला धरून कधीही उचलू नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. घाबरून जोरात लाथ मारली तर त्याचा स्वतःचाच कणा मोडतो. लहान मुलांना खाली बसवूनच हाताळू द्या.

सशाला घाम येत नाही. कानांतून तो उष्णता बाहेर टाकतो. तापमान तिशीच्या वर गेले की त्याला त्रास सुरू होतो. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याच्या घरात काय होत असेल, याचा विचार करा. पिंजरा खाटेखाली, फरशीवर, माठाजवळ ठेवा. खिडकीला ओले पोते बांधा. गारेगार पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. तोंड उघडून धापा टाकत असेल तर कानांना ओले फडके लावा आणि तातडीने दवाखाना गाठा. थंड पाण्यात बुडवू नका.

आजार

एकच नियम घरातल्या सर्वांनी पाठ करावा. सशाने दहा-बारा तास काही खाल्ले नाही, किंवा लेंड्या टाकणे थांबले, तर उद्याची वाट पाहू नये. कान-नाकावर पांढरे खवले आले तर ती खरूज, ती माणसालाही लागू शकते. घरातल्या गोळ्या चुरून देऊ नका. अमॉक्सिसिलिनसारखी माणसाची गोळी तोंडाने दिली तर आतड्यातले जंतू मरून ससा दगावतो. कुत्र्याच्या पिसवांवरचे फिप्रोनिलचे औषधही सशाला विष आहे. गावोगावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. मुंबईत परळला आणि नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे नेण्यात कसलाही कमीपणा नाही.

रानातले सशाचे पिल्लू मात्र उचलून आणू नका. रानससा वेगळ्या जातीचा, पिंजऱ्यात तो सहसा जगत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडणे गुन्हा आहे.

ससा पाळायला बंगला लागत नाही, रोजच्या गवताची शिस्त लागते. ती निभावणार नसेल तर मुलांना आजच समजावून नाही म्हणा. निभावणार असेल तर आठ आठवड्यांचे पिल्लू आणा, आणि गवत आणण्याचे काम मुलांनाच नेमून द्या. एका मुक्या जिवाची रोजची भूक ध्यानात ठेवायला शिकलेले मूल पुढे माणसांचीही भूक ओळखते.