‘मिळालं नाही’ हे उत्तरही फोन लक्षात ठेवतो!

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशीची दुपार. फराळाचे फोटो पाठवायला मी एक अ‍ॅप उघडलं, तर आत सगळं रिकामं. वैतागून अ‍ॅप काढून परत टाकलं. त्यात माझे जुने चॅटही गेले! नंतर कळलं, बिघाड फोनमध्ये नव्हताच.

त्या दिवशी एडब्ल्यूएसच्या उत्तर व्हर्जिनियातल्या क्लाउडमध्ये डायनॅमोडीबी या डेटाबेसचा डीएनएस पत्ता गायब झाला. पत्ते लिहिणाऱ्या दोन ऑटोमॅटिक प्रोग्रॅमचा गोंधळ झाला. एकाने उशिरा जुना पत्ता लिहिला, दुसऱ्याने जुना म्हणून तो पुसला. नोंद रिकामी राहिली आणि स्नॅपचॅट, सिग्नल, फोर्टनाइट जगभर अडखळले.

आता गंमत बघा. आपल्या घड्याळाप्रमाणे दुपारी १२:१८ ला सुरू झालेली ही गडबड २:५५ ला दुरुस्त झाली. पण जोडणी पूर्ववत व्हायला ३:१० वाजले. का? कारण कॅशे. एकदा मिळालेलं उत्तर सिस्टिम थोडा वेळ जवळ ठेवते, आणि ‘पत्ता नाही’ हेही एक उत्तरच! त्याची मुदत संपेपर्यंत ती पुन्हा विचारतच नाही.

मग अपयश साठवायचंच कशाला? न साठवलं तर कोट्यवधी फोन सतत तेच विचारतील आणि आजारी सर्व्हर आणखी झोपेल. म्हणून डीएनएसचा २०२३ चा नियम, आरएफसी ९५२०, सांगतो की अपयश साठवा, पण जास्तीत जास्त ५ मिनिटं.

माझ्या मते खरी मेख पुढे आहे. किराणा दुकान बंद दिसलं म्हणून घरी येऊन ‘साखर संपली’ सांगायचं का? ‘डेटा नाही’ आणि ‘डेटा वाचता आला नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चांगलं अ‍ॅप अपयशाची वेगळी नोंद ठेवतं, थोड्या वेळाने पुन्हा विचारतं आणि तोवर जुनी माहिती तारखेसकट दाखवतं. वाईट अ‍ॅप रिकामी स्क्रीन दाखवतं. तीच शिल्लक रकमेच्या जागी आली, तर पोटात गोळाच येईल ना?

म्हणून पुढच्या वेळी सगळं रिकामं दिसलं, तर आधी इतरांना विचारा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. आणि अ‍ॅप काढू नका. मी काढलं, चॅट परत आले नाहीत.