प्राग पाहिलं, भाजे राहिलं

ऑनसाइटला असताना प्रागच्या चार्ल्स ब्रिजवर मी दोन तास रमलो. १३५७ साली बांधायला घेतलेला पूल! पुतळान् पुतळा पाहिला, नदीचे शंभरेक फोटो काढले. आणि मळवली? पुण्याहून लोकलने तास-सव्वा तास. कॉलेजपासून दहादा तरी उतरलो असेन. पण धबधबा, गरम भजी आणि परत. परदेशात आपण शहर बघायला जातो, इथे नुसते पिकनिकला.

परवा पहिल्यांदाच भाजे लेण्यांच्या पायऱ्या चढलो. चैत्यगृहाच्या छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत, च्यायला! खाली सगळी गर्दी धबधब्यात.

पुढच्या शनिवारी कार्ला. तिथल्या खांबांवर दान देणाऱ्या यवनांची नावं कोरलेली आहेत. येताय का कुणी? भजी माझ्याकडून.