दिव्यांच्या मागे धावणारी पिल्लं

चेन्नईतलं बेझंट नगर म्हणजे शांत, श्रीमंत वस्ती. सावलीचे रस्ते, टुमदार घरं आणि समोरच इलियट्स बीच. जानेवारी ते मार्च या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री इथे येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात. जिकडे उजेड तिकडे समुद्र, एवढंच त्यांना ठाऊक! पण इथे समुद्रापेक्षा रस्त्यावरचे दिवेच जास्त झगमगतात. बिचारी पिल्लं उलटी रस्त्याकडेच धावतात. म्हणून १९८८ पासून इथले विद्यार्थी मोसमात रात्री किनारा तुडवत अंडी शोधतात, कुंपणातल्या वाळूत पुरतात आणि पिल्लं निघाली की पाण्याजवळ सोडतात. झोपेचं पार खोबरं! सकाळी कॉलेज असतंच, बरं का.