बंडल मारणारा काटा

सकाळी घरून निघताना अर्धी टाकी. चांदणी चौकात पाऊण. हिंजवडीच्या सिग्नलला थेट रिझर्व्ह. संध्याकाळी पार्किंगमधून गाडी काढली की पुन्हा अर्धी! टाकी अशी आपोआप भरत असती तर कोणाला नको होतं? पण नाही, बॉस. पेट्रोल आहे तेवढंच आहे, काटा बंडल मारतोय.

गाडी बाबांकडून आलेली असो नाहीतर पहिल्या पगारवाढीनंतर घेतलेली सेकंडहँड, पंधरा-वीस वर्षांच्या गाडीत हा प्रॉब्लेम हमखास भेटतो. आणि आपण काय करतो? डॅशबोर्डवर दोन टपल्या मारतो आणि ‘चालतंय की’ म्हणून पुढे जातो. पण रात्री अकरा वाजता एक्स्प्रेस वेवर बोरघाटात गाडी बंद पडली, की हे ‘चालतंय’ जिवावर येतं. शिवाय बहुतेक फ्यूएल इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि त्याला थंड ठेवायचं काम पेट्रोलच करतं. टाकी वारंवार कोरडी पडली, तर काट्याच्या दुखण्यात पंपाचा खर्च वाढतो.

फंडा अगदी सोपा आहे

टाकीत एक तरंगणारा फ्लोट असतो, संडासच्या फ्लशमध्ये असतो तसाच. तो एका दांडीला जोडलेला असतो. पेट्रोल खाली गेलं की दांडी खाली येते आणि तिच्या टोकाचा कॉन्टॅक्ट एका रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकतो. त्यामुळे वायरमधून जाणारा करंट बदलतो आणि डॅशबोर्डवरचा काटा हलतो. म्हणजे गडबड चारच ठिकाणी असू शकते : टाकीतलं फ्लोट युनिट, वायर आणि कपलर, अर्थिंग, नाहीतर मीटर.

आता गंमत बघा. काटा दिसतो समोर, म्हणून संशयही पहिला समोरच्यावर. ऑफिसमधल्या एका मित्राला गॅरेजवाल्याने सांगितलं, ‘अख्खं मीटर बदलावं लागेल.’ पठ्ठ्या तयारही झाला होता. सुदैवाने आधी एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेला. ते म्हणाले, ‘साहेब, मीटरला हात नका लावू, आधी मागची सीट उचला.’ सीटखाली अर्थची वायर बॉडीला जिथे बसते, तिथे गंज. पॉलिश पेपरने घासली, नट आवळला, काम फत्ते. मीटर बदललं असतं तर बिल फुगलं असतंच, पण त्याबरोबर किलोमीटरचा आकडाही बदलला असता. उद्या गाडी विकताना ‘हे रीडिंग खरं कशावरून?’ या प्रश्नाला तो काय उत्तर देणार होता?

आधी लक्षणं बघा

* पेट्रोलच्या काट्याबरोबर टेम्परेचरचा काटाही नाचतोय? हेडलाइट किंवा ब्लोअर लावल्यावर फरक पडतोय? मग टाकीला दोष देऊ नका. मीटरचा सप्लाय किंवा अर्थ तपासा. खूप जुन्या गाड्यांमध्ये मीटरमागे व्होल्टेज स्थिर ठेवणारा छोटा पार्ट असतो, तोही बघून घ्या.
* काटा प्रत्येक वेळी एकाच जागी, समजा अर्ध्यावर, गायब होतो आणि खाली गेल्यावर पुन्हा शहाणा होतो? पट्टी तिथेच झिजली आहे.
* खड्डा आला की उडी मारतो? ढिली वायर किंवा कपलर.
* टाकी फुल केली तरी काटा तळाशीच? फ्लोटला भोक पडून त्यात पेट्रोल शिरलं असेल, दांडी अडकली असेल, किंवा वायर तुटली असेल.
* नेहमी पाव टाकी कमीच दाखवतो, पण हलतो व्यवस्थित? दांडी वाकलेली असू शकते.

आणि हो, घाटात चढावर किंवा लांब वळणावर काटा थोडा सरकला तर टेन्शन घेऊ नका. टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जातं, एवढंच.

मग टेस्ट करा

स्वस्तातल्या गोष्टीपासून सुरुवात करायची. बऱ्याच गाड्यांमध्ये मागच्या सीटखाली झाकण असतं, त्याच्या आत कपलर. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत त्याच्या पिनांवर हिरवट थर चढतो. इग्निशन बंद करा, कपलर काढा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पुन्हा घट्ट बसवा. बऱ्याचदा सिनेमा इथेच संपतो.

नाही संपला तर पुढची पायरी. कपलर काढून इग्निशन ऑन करा, काटा एका टोकाला जायला हवा. मग गेजची वायर अर्थला टेकवली की तो दुसऱ्या टोकाला जायला हवा. थेट टेकवण्यापेक्षा मध्ये छोटा बल्ब जोडलेला बरा, म्हणजे मीटरवर ताण येत नाही. काटा दोन्हीकडे पूर्ण फिरला, तर वायर आणि मीटर पास. दोषी एकच : टाकीतलं युनिट. काटा ढिम्म राहिला, तर वायर किंवा मीटर. पण त्याच कपलरमध्ये पंपाच्याही वायरी असू शकतात. कुठली वायर कशाची हे नक्की माहीत नसेल तर हिरोगिरी नको, हे काम इलेक्ट्रिशियनला करू द्या आणि शेजारी उभं राहून बघा. नव्या, कॉम्प्युटरवाल्या गाड्यांना ही टेस्ट लागू नाही.

युनिट बाहेर काढलं की मल्टिमीटर लावून दांडी हाताने हळूहळू वरखाली करायची. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच उड्या मारल्या किंवा गायब झाला, तर पट्टी गेली. कॉन्टॅक्टवर नुसता काळा थर असेल तर साफ करून काम भागतं. झिजलेली असेल तर नवं युनिट घ्या.

हा काळा थर कुठून येतो? एक कारण पेट्रोलमधलं सल्फर. २००४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा आणि लुइझियानात जास्त सल्फरचं पेट्रोल पंपांवर पोचलं आणि अनेक गाड्यांचे काटे बिघडले होते. आपल्याकडे एप्रिल २०२० पासून बीएस-६ पेट्रोलमध्ये सल्फरची मर्यादा १० पीपीएम आहे, आधी ती ५० होती. म्हणजे तो त्रास कमी. पण आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. म्हणून युनिट बसवताना रबरी सील नवं टाका आणि ते इथेनॉलला चालणारं आहे ना, विचारून घ्या. जुनंच सील दाबून बसवलं, तर केबिनमध्ये पेट्रोलचा वास ठरलेला.

इथे नो मस्ती

टाकी उघडायचं काम बेसमेंट पार्किंगमध्ये अजिबात नाही. मोकळी हवा, टाकी पावपेक्षा कमी, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, आणि आसपास सिगारेट, ड्रिल, चार्जर काहीही नाही. पेट्रोलपेक्षा त्याची वाफ जास्त डेंजर असते, आणि तिला एक ठिणगी पुरते. टाकी खाली उतरवावी लागत असेल तर सरळ गॅरेज गाठा.

काम होईपर्यंत काय?

ट्रिप मीटर वापरा ना! पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा आणि ट्रिप शून्य करा. समजा टाकी ३५ लिटरची आहे आणि गाडी लिटरला १४ देते. पाच लिटर हातचे धरले तर ३० गुणिले १४, म्हणजे ४२० किलोमीटर. ट्रॅफिक आणि एसीचा हिशोब धरून ३५० ला पंपावर वळा. रिझर्व्हच्या दिव्यावर विसंबू नका. काही गाड्यांत त्याचा सेन्सर वेगळा असतो, पण काहींमध्ये दिवा आणि काटा एकाच युनिटचं ऐकतात. काटा खोटा, तर दिवाही खोटा.

आणि गॅरेजमध्ये कोणी ‘मीटर बदला’ म्हणालंच, तर एकच प्रश्न विचारा : ‘कपलर काढून बघितलंत का?’ समोरचा दोन सेकंद गप्प झाला, की चावी परत खिशात टाका.