आपला तो बाब्या, ग्रीसचे ते कार्टे!

एकच नाणे खिशात आले की मनेही आपोआप एक होतील, अशी युरोपीय धुरीणांची समजूत होती. २००९ च्या अखेरीस ग्रीसच्या तिजोरीतील भगदाड उघडे पडले आणि ही समजूत किती भाबडी होती, ते जगाला दिसले. पोर्तुगाल, इटली, ग्रीस व स्पेन यांच्या इंग्रजी आद्याक्षरांची मोट बांधून बाजारपंडित या देशांना सर्रास ‘पिग्ज’ म्हणजे डुकरे म्हणू लागले. दक्षिणेचा माणूस आळशी आणि उधळ्या, उत्तरेचा कष्टाळू आणि काटकसरी! हाच चष्मा लावून कर्जाच्या अटी तपासल्या गेल्या.

वस्तुस्थिती काय सांगते? ‘ओईसीडी’च्या आकडेवारीनुसार त्या काळात ग्रीक कामगार वर्षाला सुमारे २००० तास राबत होता, तर जर्मन कामगार सुमारे १४०० तास. केवळ तासांवरून उत्पादकता ठरत नाही, हे मान्य. पण मग आळसाचा शिक्का कशाच्या आधारे मारला?

ग्रीक राज्यकर्त्यांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. त्यांनी तुटीचे आकडे दडविले आणि करबुडव्यांकडे डोळेझाक केली. परंतु नियम मोडणारे ते एकटेच होते काय? तुटीची ३ टक्क्यांची मर्यादा जर्मनी आणि फ्रान्सनेही ओलांडली होती. नोव्हेंबर २००३ मध्ये अर्थमंत्र्यांच्या परिषदेने त्यांच्यावरील कारवाई स्थगित ठेवली. २००५ मध्ये तर नियमच सैल करण्यात आले. त्याहीपूर्वी १९५३ च्या लंडन करारान्वये पश्चिम जर्मनीचे जवळजवळ निम्मे विदेशी कर्ज माफ झाले. ते माफ करणाऱ्यांत ग्रीसही होता! तेव्हा कोणी जर्मनांच्या स्वभावाची चिकित्सा केली नाही.

ग्रीसच्या वाट्याला मात्र निवृत्तिवेतनातील कपात आली. अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांशाने आक्रसली, २०१३ मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांवर गेली. आपले अंदाज अवास्तव आशावादी होते, अशी कबुली आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने त्याच वर्षी दिली. तरीही चष्मा उतरला नाही. दारू आणि बायांवर पैसा उधळून मग मदतीसाठी हात पसरता येत नाही, अशा आशयाचे उद्गार मार्च २०१७ मध्ये युरोगटाचे अध्यक्ष येरून डायसेलब्लूम यांनी काढले. ज्याने सर्व सदस्यांना समान लेखायचे, त्या आसनावरून ही भाषा!

२०२० मध्ये महामारीने उत्तर-दक्षिण भेद न करता सर्वांनाच गाठले. ‘काटकसरी’ देशांची कुरकुर बाजूला सारून ७५० अब्ज युरोंचा संयुक्त निधी उभा राहिला. म्हणजे जे २०१० मध्ये अशक्य म्हटले जात होते, ते मुळात अशक्य नव्हतेच, इच्छा नव्हती.

राष्ट्रांचे संघ करारांवर उभे राहतात, पण परस्परांविषयीच्या आदरावर टिकतात. कायद्याचे पुस्तक एक आणि ते वाचणारे डोळे मात्र दोन तऱ्हांचे असतील, तर त्या व्यवस्थेला न्याय म्हणता येत नाही. ती सावकारीच ठरते, मग तिचा कारभार ब्रुसेल्सहून चालो वा अन्य कोठून.