‘आजवर एक तरी पडली का?’

एका चार मजली इमारतीच्या साइटवर स्लॅब भरण्याच्या दिवशी सकाळी मला बोलावलं होतं. पोचलो तेव्हा मिक्सर सुरू झालेला होता. गॅलरीच्या सळ्या नकाशाप्रमाणे वरच्या अंगाला बांधलेल्या होत्या, पण त्यांना खालून उचलून धरणारी एकही चेअर नव्हती. घमेली वाहणाऱ्यांच्या पायांखाली दबून त्या शटरिंगच्या प्लायला टेकल्या होत्या. मी काम थांबवायला सांगितलं. ठेकेदार म्हणाला, "साहेब, वीस वर्षं असंच भरतोय. आजवर एक तरी पडली का?" शेजारी उभा असलेला साइट इंजिनिअर मान डोलावत होता.

माझा राग ठेकेदारावर कमी आहे. त्याला कोणी स्टॅटिक्स शिकवलेलं नाही. मान डोलावणाऱ्याकडे मात्र पदवी आहे, आणि त्या पदवीच्या भरवशावर उद्या कुणीतरी आपलं मूल त्या गॅलरीत खेळायला सोडणार आहे.

त्या दिवशी प्लायच्या तुकड्यावर सुताराच्या पेन्सिलीने मी जे गणित मांडलं, ते इथेही मांडतो. गॅलरी बीमपासून 1.2 मीटर बाहेर, जाडी 125 मिलिमीटर. तिची एक मीटर रुंदीची पट्टी घ्या. स्लॅबचं वजन, लादी आणि माणसं मिळून चौरस मीटरला 700 किलो, म्हणजे पट्टीवर 840 किलो. बाहेरच्या कडेला कठडा, मीटरला 200 किलो. आता बीमच्या तोंडाशी ही पट्टी मनातल्या मनात कापा आणि बाहेरचा तुकडा एकटाच कागदावर काढा. 1,040 किलो त्याला खाली ओढतायत, तरी तो स्थिर आहे. म्हणजे कापलेल्या तोंडावर तेवढंच बळ त्याला वर उचलून धरत असलं पाहिजे. हा शिअर. पण तेवढ्याने भागत नाही, कारण तुकडा नुसता घसरत नाही, खाली झुकायलाही बघतो. 840 किलो तोंडापासून 0.6 मीटरवर आणि 200 किलो 1.2 मीटरवर: 504 अधिक 240, एकूण 744 किलो-मीटर. हा मोमेंट. तो तोलायचा तर त्याच तोंडावर वरच्या अंगाला ओढणारं आणि खालच्या अंगाला दाबणारं, अशी बळांची जोडी हवी. दाब काँक्रीट घेतं. ताणाला ते कच्चं, म्हणून तिथे सळई. सळई वरच का, याचं सगळं उत्तर एवढंच आहे. त्याला ना कोड उघडावा लागतो, ना कॉम्प्युटर.

आता पायाखाली तुडवलेल्या सळईकडे या. ती जागेवर असेल, तर ताण आणि दाब यांच्यातलं अंतर साधारण 90 मिलिमीटर असतं आणि मीटरभर रुंदीतल्या सळ्यांवर सुमारे 8,270 किलोची ओढ येते. ती 40 मिलिमीटर खाली दबली की अंतर उरतं साधारण 54 मिलिमीटर, आणि तीच ओढ 13,780 किलोवर जाते. गॅलरीवर एक किलोही वाढलेला नसतो. प्लायला टेकलेली सळई तर दाबाच्याच बाजूला पडून राहते. ताणाशी तिचा संबंधच उरत नाही.

मग गॅलरी पडत का नाही? ठेकेदाराचा हा प्रश्न खरा आहे आणि त्याला खरं उत्तर दिलं पाहिजे. सळई नाहीच असं समजून हिशेब केला, तर त्या 744 किलो-मीटरखाली वरच्या अंगाच्या काँक्रीटवर चौरस सेंटिमीटरला सुमारे 29 किलोचा ताण येतो. एम-20 काँक्रीट वाकताना तडकतं ते अंदाजे 31 किलोला. वीस वर्षांचा सगळा भरवसा या दोन किलोंवर उभा आहे! सुकताना बारीक तडा गेला, पावसाचं पाणी मुरलं, विसर्जनाची मिरवणूक बघायला कठड्याशी दाटी झाली, की ते दोन किलो संपले. आणि वर सळई नसल्यामुळे अशी गॅलरी आधी वाकून, चिरा दाखवून सावध करत नाही. ती एकदम तुटते.

गॅलिलिओने 1638 सालच्या ग्रंथात भिंतीतून बाहेर आलेल्या, टोकाला वजन टांगलेल्या तुळईचा विचार केला. त्याच्या उत्तराचा आकडा चुकला. तुळईची ताकद त्याने खऱ्याच्या तिप्पट धरली. पण ती वरच्या बाजूने फाटते, हे त्याला अचूक कळलं होतं. आमच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना त्याचा चुकलेला आकडा दुरुस्त करणारं सूत्र पाठ आहे आणि त्याला जे कळलं ते माहीत नाही. तोंडी परीक्षेत मी फळ्यावर छज्जा काढतो आणि विचारतो, इथे काप, बाहेरच्या तुकड्यावर काय काय बळं येतात ते दाखव. मुलगा म्हणतो, "सर, डब्ल्यू एल वर्ग भागिले दोन." अरे, ते कुठे, कुठल्या दिशेने, कोण देतंय? गप्प. चार वर्षांत त्याने शेकडो मोमेंट डायग्राम काढलेले असतात. तुकडा कापून वेगळा काढायला त्याला कुणी वेळच दिलेला नसतो, कारण त्या आकृतीला पेपरात दोन मार्क आणि उत्तराला आठ. हा गुन्हा मुलाचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे.

पुढे तोच मुलगा सॉफ्टवेअरसमोर बसतो. सॉफ्टवेअर गणितात चुकत नाही; ज्याला जोड घट्ट म्हणून सांगाल, त्याला ते घट्ट मानतं. गॅलरीच्या मागे बाथरूमचा खाली घेतलेला स्लॅब असेल, तर वरच्या सळ्या सरळ आत जाऊ शकत नाहीत. मोमेंट बीमच्या तोंडाशी विरून जात नसतो, तो बीमला पिळतो. दोनशे पानांच्या प्रिंटआउटवर सही करणाऱ्यांपैकी कितीजण तो जोड वेगळा काढून हा पीळ कुठे जातो ते बघतात? माझ्यासमोर फायली येतात. फार थोडे बघतात.

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत 17 जुलै 1981 रोजी हयात रीजन्सी हॉटेलमधले दोन टांगते पूल नाचायला जमलेल्या गर्दीवर कोसळले. 114 माणसं गेली. मूळ आराखड्यात चौथ्या मजल्याचा पूल आणि त्याच्याखालचा दुसऱ्या मजल्याचा पूल एकाच अखंड गजांना धरून होते. बांधताना सोयीसाठी गज तोडून दोन केले: वरचा पूल छताला आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या बीमला टांगला. दोरीच्या मल्लखांबावर दोन मुली आपापल्या हातांनी दोरी धरून असतात. खालचीला दोरी सोडून वरचीचे पाय धरायला सांगा. वरचीच्या हातांवर दोघींचा भार येईल. तेच झालं. वरच्या बीमखालच्या नटवर भार दुप्पट झाला. मूळ जोडसुद्धा तिथल्या नियमापेक्षा कमी ताकदीचाच होता, म्हणजे तोही कुणी नीट तपासलेला नव्हता. तो एक नट आणि बीमचा तुकडा वेगळा काढून त्यावरची बळं मांडायला पाच मिनिटं लागली असती. जबाबदार इंजिनिअरांचे परवाने पुढे रद्द झाले. मेलेल्यांना त्याचा काय उपयोग?

माझ्या साइटवर त्या दिवशी काम दुपारपर्यंत थांबलं. फिटरने सळ्या उचलून खाली चेअर घातल्या आणि वर चालायला फळ्या टाकल्या. खर्च किरकोळ.

तुमचं घर बांधलं जात असेल, तर गॅलरीचा स्लॅब भरण्याआधी टेप घेऊन जा. तयार स्लॅबच्या पातळीवर दोरी ताणायला सांगा आणि दोरीपासून वरच्या सळईपर्यंत मोजा. वीस-पंचवीस मिलिमीटरवर सळई लागली पाहिजे आणि पाय दिल्यावर ती दबता कामा नये. दबली तर काँक्रीटची गाडी परत पाठवा, मग समोर कुणीही मान डोलावत उभा असो.